जरा सरकून बसा



व्याख्यानमालेच्या चिटणिसांनी आम्हांला पत्र पाठविले, त्यात विषय दिला होता, ‘प्रवासातील माणुसकी’. आम्ही त्यांना म्हटले, अहो, आम्ही कामगार संघटनेचे माणूस. बोनस, महागाई भत्ता, ठेकेदारी ह्यांवर बोलायला सांगा. माणुसकीवर बोलायला कीर्तनकार आहेत, प्राध्यापक आहेत. त्यावर चिटणीस म्हणाले, तुम्ही जन्मात जितके दिवस कचेरीत बसला असाल त्याहून अधिक दिवस गाडीत उभे राहिला आहात, तेव्हा तुम्हीच बोला. हे मात्र खरे आहे. आमची शाळा सातवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते वाचनालयातील फुकट वर्तमानपत्रांवर आणि जनरल डब्यात दिव्याखाली उभे राहून वाचलेल्या पुस्तकांवर. तेव्हा आमच्याकडून विद्वत्तेची अपेक्षा ठेवू नये. जे पाहिले ते सांगतो. त्यात आमच्या स्वतःच्या दोन चुका आहेत, त्याही सांगतो.

आपले नागपूर हे वाटांचे गाव आहे. मुंबईहून निघालेली रेल्वे 1867 साली येथे पोचली. आज मुंबई–हावडा आणि दिल्ली–चेन्नई हे दोन थोरले मार्ग आपल्याच स्टेशनापाशी एकमेकांना छेदून जातात. त्यामुळे अनोळखी माणूस ही नागपूरकराला नवलाई नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेलेला असतो, गाडी फलाटाला लागते आणि खिडक्यांतून रिकाम्या बाटल्यांचे हात बाहेर येतात. फलाटावरचा कुणीतरी, ज्याला त्या हातामागचा चेहराही दिसत नाही, तो बाटली घेतो, नळावर पळतो आणि शिटी होण्याच्या आत भरून परत देतो. बाटली घेणारा तामिळ बोलतो की बंगाली, ह्याची चौकशी कुणी करीत नाही. करायला वेळच नसतो. आमचे असे मत आहे की माणसाच्या चांगुलपणाचे निम्मे रहस्य ह्या वेळ नसण्यातच आहे. चौकशीला अवधी मिळाला की चांगुलपणा अडखळतो. ते कसे, हे पुढे येईल.

एस.टी.चा प्रकार आपण सर्वांनीच पाहिला आहे. 1 जून 1948 रोजी पुण्याहून नगरला पहिली एस.टी. सुटली, आणि तेव्हापासून आजपर्यंत ह्या लाल गाडीने महाराष्ट्रात जेवढी माणसे एकमेकांच्या खांद्यावर झोपविली तेवढी दुसऱ्या कुणी झोपविली नसतील. खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची आपली रीत पाहा. बाहेरचा माणूस आतल्या अनोळखी माणसाला म्हणतो, “भाऊ, एवढा रुमाल टाका ना त्या सीटवर.” आणि आतला तो टाकतो. वर पाचजणांशी भांडून सांगतो की येथे माणूस येणार आहे. कोण येणार आहे हे त्याला ठाऊक नसते. ह्या रुमालाला कायद्याचा आधार नाही, त्यावर सही-शिक्का नाही, तरी बहुतेक वेळा त्याचा मान राखला जातो.

त्याहून मोठी गोष्ट डब्याची. खेड्यातला मुलगा तालुक्याच्या गावी खोली करून शिकायचा. घरी माउलीने पहाटे उठून भाकरी थापायच्या, डबा फडक्यात बांधायचा, नावाची चिठ्ठी खोचायची आणि फाट्यावर उभे राहून पहिल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. ड्रायव्हर तो आपल्या शेजारी इंजिनाच्या झाकणावर ठेवायचा, त्यामुळे भाजीला ऊबही राहायची. तालुक्याच्या स्टँडवर पोरे वाट पाहत असायची. असे महाराष्ट्रात किती विद्यार्थी शिकले ह्याचा हिशेब कुणी ठेवला नाही. आज जे मोठे अधिकारी म्हणून मिरवतात त्यांतल्या कित्येकांच्या पोटात एस.टी.ने आलेली भाकरी आहे. आणि त्याच ड्रायव्हर-कंडक्टरची गाडी रात्री शेवटच्या गावी मुक्कामी थांबली की गावातले कुणीतरी पिठले-भाकर घेऊन यायचे. हा व्यवहार कोणत्याही परिपत्रकात नव्हता.

हे ऐकले की लोक म्हणतात, “बघा, पूर्वीची माणसे कशी होती! आता ते राहिले नाही.” आम्हांला हे मान्य नाही. पूर्वीचा तिसरा वर्ग काय होता हे गांधीजींनी 1917 साली लिहून ठेवले आहे. मुंबईहून मद्रासला ते तिसऱ्या वर्गाने गेले. डबा 22 माणसांचा, आणि बहुतेक प्रवासभर आत 35 च्या वर माणसे. घाण, धक्काबुक्की, भांडणे, सगळे त्यात आहे. तेव्हा पूर्वी सगळेच संत होते आणि आता सगळेच बिघडले, हा हिशेब खोटा आहे. माणूस तोच आहे. तो केव्हा सरकून बसतो आणि केव्हा पाय पसरून बसतो, हे पाहिले पाहिजे.

आता आमची पहिली चूक.

सुमारे 30 वर्षांपूर्वीची गोष्ट. मुंबईला मोर्चा होता. मोर्चा आटोपून आम्ही दहाबारा कामगार जनरल डब्याने नागपूरला परत येत होतो. बोरीबंदरला आम्ही कसे चढलो ते आम्हांलाच ठाऊक. विनवण्या केल्या, शिव्या खाल्ल्या, एकाला खिडकीतून आत ढकलले, त्याने आतून दार उघडले, तेव्हा पाय टेकायला जागा मिळाली. दुसरा दिवस दसऱ्याचा. 1956 साली दसऱ्याच्या दिवशी, 14 ऑक्टोबरला, बाबासाहेबांनी येथे धम्मदीक्षा दिली, तेव्हापासून दर दसऱ्याला लाखो माणसे दीक्षाभूमीवर येतात, हे आपणांस सांगायला नको. त्यामुळे भुसावळच्या पुढे प्रत्येक स्टेशनावर पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, कडेवर पोरे, डोक्यावर गाठोडी, अशी गर्दी उभी होती.

मलकापूरला काही माणसे चढली, त्यांत एक म्हातारी होती. तिला दोघा पोरांनी उचलून आत घेतले. ती दाराशीच गाठोड्यावर टेकली. त्यानंतर मात्र आमच्यातल्या पाचसहा जणांनी ठरविले की आता बस्स. दाराला कडी घातली, खिडक्या पाडल्या आणि आम्ही दाराला पाठ लावून उभे राहिलो. पहाटे अकोला आले. बाहेरून दारावर थापा पडू लागल्या. एक माणूस सारखा ओरडत होता, “पोराले ताप हाये, दादा, पोराले ताप हाये.” आम्ही आतून ओरडलो, “जागा नाही, पुढे जा!” श्रोतेहो, आमच्या छातीवर तेव्हा कामगार एकजुटीचा बिल्ला होता.

म्हातारीने आमच्याकडे मान वर करून पाहिले. म्हणाली, “काहून गा बाबू, डब्यातच जलमला का तू?”

एवढेच बोलली. मग गुडघ्यावर हात ठेवून उठली, आम्हांला बाजूला सारले आणि कडी काढली. तिला अडविण्याची हिंमत आमच्यापैकी एकालाही झाली नाही. अठरा-वीस माणसे आत आली. तापाचे पोर कुणीतरी वरच्या फळीवर निजविले. आणि डबा काही फुटला नाही. जो तो चार बोटे सरकला, पाय आत घेतले, गाठोडी बाकाखाली गेली. बडनेरा यायच्या आधी आमच्या हातांवर त्याच माणसांच्या गाठोड्यातली भाकर आणि ठेचा होता. आम्ही ती खाल्ली. ती घशाखाली कशी उतरली ते आमचे आम्हांला माहीत.

पण गोष्ट येथे संपत नाही. बडनेऱ्याला पुन्हा थापा पडल्या. तेव्हा दाराशी उभा राहून “जागा नाही, जागा नाही!” असे सगळ्यांत मोठ्याने कोण ओरडत होते म्हणता? अकोल्याला चढलेला एक तरणा गडी. म्हातारीने आमच्याकडे पाहिले, आम्ही तिच्याकडे पाहिले, आणि अख्खा दरवाजा हसू लागला. तो गडीही हसला. कडी निघाली.

त्या दिवसापासून आम्ही एक गोष्ट समजून आहोत. बाहेर असतो तोवर प्रत्येकजण म्हणतो, जागा आहे, जरा सरका. आत पाऊल पडले की तोच म्हणतो, जागा नाही. ह्यात तो दुष्ट असतो असे नव्हे. मागच्या स्टेशनावर आपण कुठे उभे होतो हे तो विसरतो, इतकेच. प्रवासातली माणुसकी म्हणजे आमच्या मते दया नव्हे, मोठे मन वगैरेही नव्हे. मागचे स्टेशन आठवत राहणे, एवढाच तिचा अर्थ आहे.

मात्र ह्यावरून कुणी असे समजू नये की दाराबाहेर उभे राहण्याची पाळी सगळ्यांवर सारखीच येते. आपल्या देशात काहींना जन्मभर बाहेर ठेवणारे एक दार आहे. बाबासाहेबांनी स्वतःच्या आठवणींत 1901 सालची एक हकीकत लिहून ठेवली आहे. वय नऊ वर्षांचे. वडील कोरेगावला नोकरीला. सुट्टीत थोरला भाऊ आणि भाच्यांसह मुले साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनावर उतरली. अंगावर नवे, नीटनेटके कपडे. घ्यायला कुणी आले नव्हते. स्टेशनमास्तर आपणहून जवळ आले, आस्थेने विचारपूस केली. आणि मग विचारले, तुम्ही कोण? मुलांनी खरे सांगितले, आम्ही महार. त्याबरोबर मास्तरांचा चेहरा पालटला. बैलगाडीवाले एकही न्यायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे द्यायचे, गाडी मुलांनीच हाकायची आणि गाडीवानाने बाजूने पायी चालायचे, असा सौदा ठरला. रात्रभर त्या मुलांना प्यायला पाणी मिळाले नाही.

आम्ही ही हकीकत प्रथम वाचली तेव्हा गाडीवानाचा राग आला. आता वारंवार मनात येतात ते स्टेशनमास्तर. ते कठोर नव्हते. त्यांनी आस्थेने विचारले होते, आणि दुप्पट भाड्याचा सौदाही त्यांच्याच मध्यस्थीने जुळला. चांगुलपणा होता, पण तो एका प्रश्नाशी येऊन अडला. आजही गाडीत शेजारी बसलेला माणूस गोड बोलतो, डब्यातली पोळी पुढे करतो आणि मग हळूच विचारतो, “आडनाव काय म्हणालात?” ह्या प्रश्नानंतर ज्यांची पोळी परत गेलेली आहे, अशी माणसे ह्या सभागृहातही असतील. म्हणून आम्ही म्हणालो की बाटली भरून देणारा हात आम्हांला मोठा वाटतो. तो भरतो आणि मोकळा होतो.

आता आमच्या धंद्याकडे वळतो. कामगार चळवळीतल्या माणसाला नुसत्या मनाच्या थोरवीवर विसंबून चालत नाही. 22 जणांच्या जागेत 35 कोंबायचे आणि मग त्यांना ‘एकमेकांशी गोडीने वागा’ म्हणून पाट्या लावायच्या, ही लबाडी आहे. लोक भांडतात ते जागेसाठी, आणि जागा कमी कुणी केली हे विचारायचे सोडून एकमेकांच्या झिंज्या धरतात. मधु दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाले. तोवर तिसरा वर्ग नावाने गेला होता, 1974 मध्येच त्याला दुसरा वर्ग म्हणू लागले होते, पण फळ्या लाकडाच्या लाकडाच्याच होत्या. नगरच्या ह्या समाजवादी माणसाने त्या फळ्यांवर दोन इंचांचा फोम बसविण्याचे काम सुरू केले. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबई–हावडा गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, आपल्या नागपुरावरून जाणारी. तिच्यात वरचा वर्गच ठेवला नव्हता. पुढे तिलाही वातानुकूलित डबे लागले, तो भाग वेगळा. पण ते दोन इंच राहिले. ज्या करोडो माणसांची पाठ त्या दोन इंचांवर टेकली, त्यांना दंडवत्यांनी कधी पाहिले नव्हते. अनोळखी माणसाविषयीची माणुसकी अंदाजपत्रकातही घालता येते, हे ह्या गृहस्थाने दाखविले. ज्याने जागा वाढविली, त्याने भांडणे कमी केली. जनरल डब्यासाठी आवाज उठविणे हेही म्हणून प्रवासातल्या माणुसकीचेच काम आहे.

पण नुसती व्यवस्थाही पुरत नाही. येथे आमची दुसरी चूक सांगतो.

एका कारखान्यात आमची संघटना होती. कारखाना शहराबाहेर. करारात भांडून आम्ही कामगारांसाठी बस मिळविली. छान झाले. काही वर्षांनी त्याच कारखान्यात कंत्राटी मुले आली. काम तेच, पगार निम्म्याहून कमी, आणि बस नाही. मे महिन्यात ती पोरे डोक्याला दुपट्टा बांधून दहाबारा मैल सायकल मारीत यायची. बसमध्ये रोज पंधरा-वीस जागा रिकाम्या असायच्या. बस त्यांच्या शेजारून धुरळा उडवीत निघून जायची. मालकाने काही कडी घातली नव्हती. त्याला कुणी विचारलेच नव्हते. कडी आमच्या कायम कामगारांनी घातली होती. ते म्हणायचे, बस आम्ही लढून मिळविली, ह्यांनी काय केले? आणि आम्ही, त्यांचे पुढारी, गप्प होतो. कारण मते कायम कामगारांची होती. कंत्राटी पोराला मत नव्हते.

दोन वर्षे आम्ही गप्प राहिलो. मग एका गेट-सभेत, बोनसवर बोलता बोलता, आम्ही अकोल्याची गोष्ट सांगितली. मुद्दाम ठरवून नव्हे, तोंडातून निघून गेली. म्हातारीचे वाक्य सांगितले आणि पुढे म्हणालो, “दादाहो, आपणही एके काळी बदली कामगार होतो. आपण काही मस्टरवर जन्मलो नाही.” सभा थंड झाली. टाळी पडली नाही. त्या वर्षीच्या संघटनेच्या निवडणुकीत आम्ही पडलो.

पण सभेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एका जुन्या फिटरने वाटेत ड्रायव्हरच्या खांद्यावर हात ठेवून बस थांबवायला लावली. खाली सायकल मारणाऱ्या पोराला म्हणाला, “ये बे, चढ.” पोरगा म्हणाला, सायकल? फिटर म्हणाला, टपावर टाक. एक चढला, मग दुसरा, आठ दिवसांत सगळे. निवडून आलेल्या नव्या समितीला ते पसंत नव्हते. पण रोज शेजारी बसणाऱ्या, नावाने हाक मारणाऱ्या पोराला उतर म्हणण्याचा धीर कुणाला झाला नाही. पुढच्या करारात ती ओळ त्यांनीच घातली: पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाला बस. आम्ही पडलो ह्याचे वाईट वाटले, खोटे कशाला बोलू? पण ती ओळ आमच्या भाषणाने आली नाही. ती फिटरने बस थांबविली म्हणून आली, आणि करारात लिहिली गेली म्हणून टिकली. दोन्ही लागतात.

2020 सालचा उन्हाळा आपण विसरला नसाल. मार्चमध्ये टाळेबंदी झाली, गाड्या थांबल्या. मुंबई, पुणे, हैदराबाद येथून निघालेले मजूर आपापल्या गावी, उत्तर प्रदेशात, बिहारात, छत्तीसगडात पायी चालले होते, आणि नागपूर मध्यावर पडते म्हणून ते आपल्या रस्त्यांवरून गेले. मजुरांसाठी श्रमिक गाड्या सुरू झाल्या त्या 1 मे पासून. तोवर आणि त्यानंतरही रस्ते चालणाऱ्यांनी भरलेले होते. शहराबाहेर पांजरीच्या टोलनाक्यावर नागपूरच्या संस्थांनी आणि साध्या माणसांनी ठाण मांडले. जेवण, पाणी, तापलेल्या डांबरावर चालणाऱ्यांना चपला, आणि पुढे सरहद्दीपर्यंत सोडायला बसगाड्या. ह्या शहराने तेव्हा जे केले त्याचा आम्हांला अभिमान आहे. पण त्याच दिवसांत ह्याच शहरातल्या कित्येक इमारतींच्या फाटकांवर मोलकरणींना आणि भाजीवाल्यांना आत येऊ नका म्हणून पाट्या होत्या. नाक्यावर चपला वाटणारा आणि फाटकाला कुलूप लावणारा एकच माणूस असू शकतो, हे आम्ही स्वतःवरून जाणतो. म्हणून आम्ही माणसांचे चांगली आणि वाईट असे दोन ढीग करीत नाही.

आताचेच पाहा. 17 मार्च 2023 पासून एस.टी.त बायकांना अर्धे तिकीट झाले. गाड्यांत बायका वाढल्या. लगेच पुरुष कुरकुरू लागले, आता आम्हांला बसायला जागा मिळत नाही. आम्ही त्यांना म्हणतो, पाऊणशे वर्षे ह्या बायका कुठे होत्या? फाट्यावर उभ्या होत्या, नाही तर घरी होत्या. आता त्या आत आल्या. तक्रार करायचीच तर गाड्या वाढवा म्हणून डेपोत करा, आम्ही बरोबर येतो. बाईशी नको.

आणि तरुणांविषयीही एक सांगतो. 2019 पासून आपल्या गावात मेट्रो आहे. आमचे समवयस्क म्हणतात, मेट्रोत पोरे मोबाइलमध्ये डोके घालून बसतात, शेजारी मेला तरी कळणार नाही. मागच्या महिन्यात सीताबर्डीला एक म्हातारे गृहस्थ चुकीच्या फलाटावर उतरले. फोन बंद पडलेला, लेकाचा नंबर फक्त तोंडपाठ. कानात नळ्या घातलेल्या एका मुलीने त्या नळ्या काढल्या, आपल्या फोनवरून नंबर लावून दिला, लेक येईपर्यंत आजोबांशेजारी बसली आणि तिच्या दोन गाड्या गेल्या. आडनाव तिने विचारले नाही. तेव्हा ह्या पिढीची काळजी करण्याचे कारण आम्हांला दिसत नाही. काळजी आमची आम्हांला आहे. बिल्ला लावून दाराला पाठ देणारे आम्हीच होतो.

त्या म्हातारीला नागपूर स्टेशनावर आम्ही गाठोडे उचलू लागलो. तिने उचलू दिले नाही. नाव विचारायचे राहून गेले. गर्दीत पांढऱ्या लुगड्यांत ती मिसळली आणि दिसेनाशी झाली.

आमचे बोलणे संपले. एक विनंती मात्र आहे. आमच्यानंतर अध्यक्षमहाराज बोलणार आहेत आणि मागे दाराशी बरीच मंडळी अर्ध्या तासापासून उभी आहेत. पुढच्या दोन रांगांत काही खुर्च्यांवर नुसते रुमाल बसलेले दिसतात. ते उचलावेत, आणि जरा सरकून बसावे.